वेळासचा काकण

बागमांडल्याला फेरीबोटीत बसून वेसवीला उतरायचं, बाणकोटचा किल्ला मागे टाकला की वेळास. नाना फडणवीसांचं गाव, हे शाळेत पाठ झालेलं असतं. कासवांचं गाव, हे वर्तमानपत्रांनी पाठ करून घेतलंय. फेब्रुवारी लागला की मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि सगळ्यांच्या माना वाळूकडे. मी वर बघायला आलो होतो.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची माणसं इथे आली ती समुद्री गरुडाची पाहणी करत. वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली आणि गावाचं नशीब पालटलं. गरुड मागे पडला. त्याला इकडे काकण म्हणतात. महोत्सव त्याचा होत नाही.

मला घेऊन गेलेले काका पूर्वी माडावर चढून नारळ पाडायचे. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून घरटं राखतात. पगार नाही, एक जुनी दुर्बीण आहे. ती मी मागितली तर म्हणाले, “पयलं खाली बगा.” आंब्याच्या बुंध्याशी पांढऱ्या शिटीचे ओघळ, माशांचे काटे आणि मण्यांची माळ तुटावी तसा समुद्रसापाचा कणा. खाली ताजं सांडलेलं असलं म्हणजे वर बिऱ्हाड आहे.

मग मागे सरून गडग्याआड बसलो. घरटं चांगलं बाजेएवढं, सुक्या फांद्यांचं. काकण दर वर्षी तेच डागडुजी करून वापरतो. दीड तास काही घडलं नाही. डास मात्र कर्तव्यदक्ष होते. मग बदकासारखा सानुनासिक ओरडा आला आणि पांढऱ्या पोटाचा, राखाडी पाठीचा पक्षी मासा घेऊन उतरला. काठावर एक तपकिरी डोकं वर आलं. काकांनी शाळेच्या वहीत लिहिलं : “१०.४०. मासा. पिल्लू १.” काकण सहसा दोन अंडी घालतो. दुसऱ्याचं काय झालं, ते वहीत नव्हतं.

झाडावर चढायचं नाही, जागा कुणाला सांगायची नाही, एवढे दोनच नियम. म्हणून वाडीचं नाव मीही लिहीत नाही.

२०२०च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातली उंच झाडं कितीतरी पडली. उरलेल्यांवर कुऱ्हाड आहे. पक्ष्याला कायद्याचं पहिल्या प्रतीचं संरक्षण, पण झाड मालकाचं आणि मालक मुंबईला. या आंब्याचा घेर लाकूडवाल्याने दोनदा मोजून नेलाय. मार्गशीर्षात तो पुन्हा आला तेव्हा घरट्यात अंडी होती. काकांनी त्याला गडग्याआड बसवून दुर्बीण दिली. माझ्या वाट्याला ती दीड तासाने आली, त्याला लगेच.

बराच वेळ बघत होता म्हणे. जाताना म्हणाला, चैत्र सरला की येतो.