चहा किती कढत प्यावा?

चहाच्या गुणदोषांची चर्चा आपल्याकडे नवी नाही. चहाने भूक मरते, झोप उडते, पित्त वाढते, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. तो किती प्यावा हेही सांगितले जाते. परंतु तो किती कढत प्यावा, या प्रश्नाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगाशी या प्रश्नाचा संबंध असल्यामुळे आज त्याचाच विचार करू.

घशातून जठरापर्यंत अन्न नेणारी जी नळी, तीच अन्ननलिका. तिला आतून नाजूक अस्तर असते. चहाचा लहानसा घोट तोंडातच काहीसा निवतो. मोठा घोट झटकन गिळला, तर त्याची उष्णता जवळजवळ तशीच आत पोहोचते. हे वर्षानुवर्षे घडले तर अस्तर पुन्हा पुन्हा पोळते, तेथे दाह होतो आणि झीज भरून काढण्यासाठी पेशींचे विभाजन वारंवार होत राहते. अशा ठिकाणी कर्करोगाला वाट मिळते, असे शास्त्रज्ञांना वाटते.

या अनुमानाची कसोटी इराणमध्ये पाहावयास मिळाली. कास्पियन समुद्राच्या आग्नेयेस गुलिस्तान नावाचा प्रांत आहे. तेथे या रोगाचे प्रमाण फार मोठे. तंबाखू आणि मद्य यांचे सेवन मात्र अल्प. काळा चहा बहुतेक सर्वच पितात. संशोधकांनी लोकांना नुसते विचारले नाही, तर उष्णता प्रत्यक्ष मोजली. दोन पेल्यांत चहा ओतावयाचा, एकात उष्णतामापक ठेवावयाचा आणि चहा निवत असता दुसऱ्या पेल्यातला घोट घ्यावयास देऊन, ‘आपण एवढाच गरम पिता काय?’ असे विचारावयाचे, अशी ती पद्धत होती.

२००९ साली ३०० रुग्ण व ५७१ निरोगी व्यक्ती यांच्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोमट किंवा बेताचा गरम चहा पिणारांच्या मानाने, आपण गरम चहा पितो असे सांगणारांना धोका सुमारे दुप्पट, तर अतिशय गरम चहा पितो असे सांगणारांना सुमारे आठपट आढळला. चहा ओतल्यावर चार मिनिटे थांबणारांच्या मानाने दोन मिनिटांच्या आत पिणारांना तो सुमारे पाचपट होता.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या, फ्रान्समधील लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्थेने या विषयावरील पुरावा तपासला. ६५ अंशांहून अधिक उष्ण पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ होत, असा तिने निर्णय दिला. याच वेळी कॉफीवरील जुना संशय मात्र सौम्य झाला. १९९१ साली तिच्यावर मूत्राशयाच्या कर्करोगाचा आळ होता. तिला कर्करोगकारक म्हणण्याइतका पुरावा नाही, असे २०१६ साली ठरले. तात्पर्य, दोष पानांचा किंवा बियांचा नसून कढतपणाचा आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ‘बहुधा’ हा शब्द पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे आकारमान नव्हे. त्याच गुलिस्तानात सुमारे ५०,००० लोकांवर जवळजवळ दहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ३१७ जणांना हा रोग झाला, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा एका कपाने घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट तंबाखू व मद्य यांची. चीनमधील साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत, २०१८ साली, असे दिसले की जे मद्य व तंबाखू दोन्ही टाळतात त्यांचा धोका कढत चहाने वाढत नाही. परंतु या व्यसनांच्या जोडीला रोजचा कढत चहा आला म्हणजे तो अनेक पटींनी वाढतो. सबब, चहा निववून प्यायचा आणि वर विडी ओढायची किंवा तंबाखू चघळायची, यात शहाणपण नाही.

मग करावे काय? चहा सोडण्याची आवश्यकता नाही. कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटे थांबावे, घोट लहान घ्यावा. बशीत ओतून पिण्याच्या आपल्या जुन्या रीतीला पुष्कळजण आज हसतात. पण पसरट बशीत चहा लवकर निवतो, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. दूध, काढा आणि सूप यांनाही हाच नियम लागू आहे.

शेवटी एक सूचना. घास गिळताना अडकतो असे वारंवार वाटू लागले, किंवा कारणावाचून वजन उतरू लागले, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे. या रोगाची लक्षणे उशिरा दिसू लागतात. म्हणून ती दिसल्यावर आपल्याकडून आणखी उशीर होता कामा नये.