अल्पदृष्टी वाचन

अल्पदृष्टी वाचन म्हणजे चष्मा, औषधोपचार किंवा शस्त्रक्रिया यांनंतरही ज्यांची दृष्टी पुरेशी सुधारत नाही, अशा व्यक्तींनी शिल्लक दृष्टीच्या आधारे केलेले मजकुराचे वाचन होय. मोठे अक्षर, भिंग, योग्य प्रकाश, डोळ्यांच्या हालचालींचा सराव आणि श्राव्य साधने यांच्या साहाय्याने या वाचनाचा वेग वाढवता येतो. सर्वसामान्य वाचकांसाठी सांगितली जाणारी 'शीघ्र वाचना'ची तंत्रे अल्पदृष्टी वाचकांना बहुधा जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

व्याख्या

भारतातील 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' नुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी शक्य तितकी सुधारूनही ६/१८ पेक्षा कमी ते ३/६० पर्यंत असल्यास, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत असल्यास, त्या स्थितीस अल्पदृष्टी म्हणतात. ६/१८ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्यास जे अक्षर १८ मीटरवरून ओळखता येते, ते या व्यक्तीस ६ मीटरवरून ओळखता येते. मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार, काचबिंदू, वार्धक्यातील पीतबिंदूचा ऱ्हास, रातांधळेपणाने सुरू होणारे आनुवंशिक दृष्टिपटलविकार आणि वर्णकहीनता ही अल्पदृष्टीची काही प्रमुख कारणे आहेत.

वाचनाची प्रक्रिया

वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ते एका ठिकाणी साधारण पाव सेकंद स्थिरावतात आणि मग पुढे झेप घेतात. बारीक अक्षर स्पष्ट ओळखण्याचे काम दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेला लहानसा पीतबिंदू करतो. इंग्रजी मजकुराच्या अभ्यासांनुसार एका झेपेत सुमारे ७ ते ९ अक्षरे ओलांडली जातात आणि प्रौढ वाचक मिनिटाला साधारणतः २०० ते ३०० शब्द वाचतात.

अल्पदृष्टीत ही प्रक्रिया दोन प्रकारे बिघडते. पीतबिंदू निकामी झाल्यास पाहावयाच्या शब्दावरच डाग येतो व अक्षरे ओळखता येत नाहीत. दृष्टिक्षेत्र आकुंचन पावल्यास अक्षरे स्पष्ट दिसतात. परंतु एका वेळी थोडीच दिसतात आणि पुढील ओळीचा आरंभ सापडत नाही. या दोन स्थितींसाठी उपाय वेगळे असतात. पहिल्या प्रकारात अक्षर मोठे करणे उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात ते फार मोठे केल्यास दृष्टिक्षेत्रात मावणारी अक्षरे आणखी कमी होतात व वेग घटतो.

देवनागरी लिपीतील अडचणी

देवनागरीत अक्षराचे अर्थभेदक भाग शिरोरेषेच्या वर व खालीही असतात. अनुस्वार न दिसल्यास 'मंद'चा 'मद' होतो आणि काना सुटल्यास 'कार'चा 'कर'. घ व ध, भ व म, ब व व, थ व य या जोड्यांतील भेद अगदी बारीक रेषांवर अवलंबून असतो. 'दर्या' (समुद्र) आणि 'दऱ्या' (दरीचे अनेकवचन) यांतील फरक रफाराच्या आकारापुरताच आहे. त्यामुळे मराठी मजकूर केवळ मोठ्या अक्षरात छापून भागत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडणार नाही इतके अंतर दोन ओळींमध्ये असावे लागते.

मराठीच्या रचनेचाही वाचनवेगावर परिणाम होतो. विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाच्या शेवटी जोडली जातात. 'घरासमोर', 'घरामागे', 'घराशिवाय' या शब्दांचा आरंभ एकच असला तरी अर्थ शेवटच्या अक्षरांत आहे. वाक्यातील क्रियापद व नकार हेही सहसा शेवटी येतात. म्हणून उजव्या बाजूचे दृष्टिक्षेत्र गमावलेल्या वाचकास पुढचा मजकूर आधी दिसत नाही व वाचन विशेष मंदावते.

वेग वाढवण्याची तंत्रे

अक्षराचा आकार : जे सर्वांत लहान अक्षर कसेबसे ओळखता येते, त्या आकारात सलग वाचन होत नाही. ओघवत्या वाचनासाठी त्याच्या किमान दुप्पट आकार घेणे श्रेयस्कर ठरते. ठरावीक मर्यादेपलीकडे अक्षर वाढवूनही वेग वाढत नाही. या मर्यादेस निर्णायक अक्षराकार म्हणतात. तो मोजण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विशेष वाचनतक्ता विकसित करण्यात आला.

अंतर व भिंग : पुस्तक निम्म्या अंतरावर आणल्यास दृष्टिपटलावरील प्रतिमा दुप्पट होते. मुलांचे डोळे जवळ सहज केंद्रित होतात. ज्येष्ठांना मात्र त्यासाठी जवळचा चष्मा वा भिंग लागते. पुस्तक डोळ्यांजवळ धरल्याने उरलेली दृष्टी 'खर्च होते' हा समज चुकीचा आहे. या समजापायी अल्पदृष्टी मुलांना जवळून वाचण्यास मनाई केली जाते व त्यांचे वाचन खुंटते. भिंगाची शक्ती जितकी अधिक, तितका त्यातून दिसणारा भाग लहान. म्हणून काम भागवणारे सर्वांत कमी शक्तीचे भिंग निवडतात.

प्रकाश व रंगभेद : दिवा वाचकाच्या बाजूने, डोळ्यांवर न येता थेट पानावर पडेल असा ठेवतात. चकाकीचा त्रास होणाऱ्यांना पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरी अक्षरे सोयीची वाटतात.

ओळ पकडणे : काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून ती पानावर सरकवल्यास ओळ चुकत नाही आणि चकाकीही कमी होते. ओळीच्या आरंभी डाव्या हाताचे बोट ठेवण्याची जुनी पद्धतही तितकीच उपयुक्त आहे.

केंद्रेतर दृष्टी : पीतबिंदू निकामी झाला असता शब्दाच्या किंचित वर, खाली किंवा बाजूला पाहून तो दृष्टिपटलाच्या निरोगी भागावर आणता येतो. हा सराव प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली काही आठवडे करावा लागतो.

एकेक शब्द दाखवणे : पडद्यावर एकाच जागी एकामागून एक शब्द दाखवल्यास डोळ्यांच्या झेपा वाचतात. निरोगी दृष्टीच्या वाचकांचा वेग यामुळे पुष्कळ वाढतो. केंद्रीय दृष्टी गमावलेल्यांना मात्र तुलनेने कमी लाभ होतो.

श्रवण : पडदावाचक प्रणालीने मजकूर ऐकत डोळ्यांनी केवळ शीर्षके, आकृत्या व तक्ते पाहणे ही मिश्र पद्धती दीर्घ वाचनासाठी सर्वांत कमी थकवणारी मानली जाते. सराव झालेले श्रोते नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट व त्याहूनही अधिक वेगाने ऐकू शकतात. 'एनव्हीडीए' या विनामूल्य प्रणालीत मराठी वाचनाची सोय आहे. तथापि युनिकोडपूर्व टंकात तयार केलेला मराठी मजकूर किंवा पानांची नुसती छायाचित्रे अशा प्रणालींना थेट वाचता येत नाहीत.

शीघ्र वाचनाच्या मर्यादा

अमेरिकेत १९५९ मध्ये एव्हलिन वुड यांनी सुरू केलेल्या वर्गांमुळे शीघ्र वाचनाचा जगभर प्रसार झाला. पुढील संशोधनात मात्र वेग ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवल्यास आकलन घटते असे दिसून आले. अल्पदृष्टी वाचकाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. कारण परिघीय दृष्टीने शब्दसमूह एका नजरेत टिपणे त्याला सहसा शक्य नसते. 'खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' या प्रश्नातील शेवटचा शब्द निसटला, तर विषय येत असूनही उत्तर चुकते. त्यामुळे शीर्षके, प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य व सारांश आधी वाचून आवश्यक तेवढाच भाग संपूर्ण वाचणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

कायदेशीर सवलती व साधने

केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाची मुभा असलेल्या दिव्यांग परीक्षार्थीस दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ देय होता; त्याने लेखनिक घेतला नाही तरीही हा वेळ मिळत असे. मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिकेचा पर्यायही या सूचनांत होता. सवलतींसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. ते शासकीय रुग्णालयांमार्फत दिले जाते. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय 'घाटी' या नावाने परिचित आहे.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायद्याने दिव्यांगांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती तयार करण्यास परवानगी दिली. याच हेतूचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेली 'नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड' ही संस्था दृष्टिबाधितांच्या शिक्षण व पुनर्वसनासाठी कार्य करते.

हेही पाहा

अंधत्व
ब्रेल लिपी
काचबिंदू
देवनागरी