झाकणाच्या आतले दप्तर

क्वार्ट्झच्या घड्याळांनी चावीच्या घड्याळांना घरोघरच्या मनगटांवरून बेदखल केले आणि ती पुण्याच्या जुन्या बाजारात, गोणपाटावर, तुटक्या कुलुपांच्या शेजारी येऊन पडली, त्या काळी, म्हणजे १९८९ च्या सुमारास, दर रविवारी तेथे हजेरी लावण्याचा परिपाठ मी सुरू केला. आतील यंत्र घड्याळजीच्या हवाली करून बाहेरच्या केसेची चाकरी तेवढी स्वतःकडे ठेवली.

आरंभीची सात-आठ वर्षे निव्वळ जिल्हईच्या लोभात गेली. चरे दिसेनासे होईपर्यंत बफाच्या चाकावरून केस हलवावयाची नाही, हा माझा खाक्या. त्यायोगे पट्टा अडकविण्याच्या चारही कानांच्या रेखीव धारा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या झाल्या, हे ध्यानात येण्यापूर्वी बरीच घड्याळे हातावेगळी झाली होती. पहिली अद्दल घडविली ती एचएमटीच्या ‘जनता’ने: क्रोमच्या मुलाम्यातून पितळेचा पिवळा डाग डोकावला, आणि घासावे तसतसा तो पसरतच गेला.

मग चाक सोडून मी पॉलिश पेपरकडे वळलो. सपाट काचेवर सहाशे नंबरचा ओला कागद पसरून पोलादी केस त्यावर एकाच दिशेने ओढावयाची, नंतर हजार, नंतर दोन हजार. दर कागदागणिक दिशा काटकोनात फिरविली म्हणजे मागे राहिलेला चरा आडवा येऊन आपली चुगली आपणच करतो. चांदीचे पोचे काढणे याहून नाजूक. तांबट हंड्याचा पोचा ठोकून काढतो, परंतु खिशातल्या घड्याळाचे पातळ झाकण ठोकले तर ताणून फुगते, आणि तापवून मऊ करावे तर बिजागरीचा डाख सुटण्याची धास्ती. म्हणून ते कातडी गादीवर ठेवून, गोल डोक्याच्या लाकडी दांडीने आतल्या अंगाने, कडेकडून मध्याकडे दाबत जावयाचे आणि शेवटी ओपणी फिरवावयाची.

असेच एक विलायती चांदीचे झाकण मी उत्साहाच्या भरात आतूनही लख्ख केले. बर्मिंगहॅमचा नांगर, शुद्धतेचा सिंह आणि सालाचे अक्षर कसेबसे वाचले. शेजारच्या सुईएवढ्या बारीक रेघा मात्र साफ गेल्या. आमचे वृद्ध घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, “अहो, ते ओरखडे नव्हते. ज्याने ज्याने हे उघडले, त्याने आपली खूण अन् तारीख घातली होती.” अनेक कारागिरांनी राखलेले ते दप्तर मी पाऊण तासात निकालात काढले होते.

२०१६ साली एचएमटीचा घड्याळ-कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली, आणि कालपर्यंत अडगळीत पडलेल्या घड्याळांचे वारस एकाएकी जागे झाले. परवा एक तरुण आजोबांचे घड्याळ घेऊन आला. चाराच्या आकड्यापाशी केसेला पोचा होता. तो काढू काय, असे विचारताच त्याने घाईने घड्याळ मागे ओढले. आजोबा सायकलवरून पडले त्या दिवसाचा तो पोचा होता म्हणे. मी कानांच्या बेचक्यांतला मळ मऊ ब्रशाने काढला, प्लॅस्टिकच्या काचेवरचे चरे घालविले, आणि मजुरी फक्त काचेची घेतली.