दमलेल्या राजांची स्पर्धा

३१ ऑक्टोबर २०१२. पॅरिसच्या बेर्सी सभागृहात नोव्हाक जोकोविच कोर्टवर उतरला तो डार्थ व्हेडरचा काळा मुखवटा चढवून. हॅलोविनचा दिवस, प्रेक्षक खूश. सॅम क्वेरीविरुद्धचा पहिला सेट त्याने ६-० असा खिशात घातला. पुढचे दोन्ही सेट क्वेरीने जिंकले आणि जोकोविचला पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळावा लागला. रॉजर फेडररने आधीच माघार घेतली होती. राफाएल नदाल विम्बल्डननंतर दुखापतीमुळे खेळलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी अँडी मरेही गेला. पुरुष टेनिसवर राज्य करणाऱ्या चौघांपैकी एकही जण उपांत्यपूर्व फेरीत उरला नाही.

इतर कुठल्या स्पर्धेत हा भूकंप ठरला असता. पॅरिस मास्टर्सच्या जाणकारांना फारसे आश्चर्य वाटले नाही.

त्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. ग्रँड स्लॅमच्या खालोखाल मान असलेल्या नऊ मास्टर्स १००० स्पर्धांपैकी ही शेवटची, ऑक्टोबर सरता सरता येणारी. जानेवारीत ऑस्ट्रेलियात सुरू झालेला मोसम इथे येईपर्यंत कुणाचा खांदा धरलेला असतो, कुणाची पाठ. त्यातच वर्षातल्या सर्वोत्तम आठ जणांची एटीपी फायनल्स तोंडावर आलेली असते. साहजिकच पॅरिसमध्ये दोन प्रकारचे खेळाडू येतात. फायनल्समधली जागा पक्की झालेले आधी अंग सांभाळतात. जागा हुकण्याच्या बेतात असलेले जिवाच्या आकांताने खेळतात. विजेत्याला मिळणारे १००० गुण हा त्यांचा शेवटचा मोठा डाव असतो.

विजेत्यांच्या यादीवर याचा ठसा स्पष्ट दिसतो. जोकोविचने ही स्पर्धा विक्रमी ७ वेळा जिंकली, हे खरेच. पण सेबास्तियाँ ग्रोजाँ (२००१), टिम हेन्मन (२००३), तोमाश बर्डिच (२००५), रॉबिन सोडरलिंग (२०१०), दाविद फेरेर (२०१२) आणि जॅक सॉक (२०१७) या सहा जणांना सगळ्या कारकिर्दीत एकेरीत मास्टर्सचे एकच विजेतेपद मिळाले, आणि ते इथेच. उलट याच शहरात रोलाँ गॅरोसच्या लाल मातीवर १४ वेळा विजेता ठरलेल्या नदालला बेर्सीचा करंडक कधीच उचलता आला नाही. २००७ मध्ये तो अंतिम फेरीत पोचला, तर दाविद नालबांदियानने त्याला ६-४, ६-० असे हरवले.

नदालच्या अपयशात नुसता थकवा नव्हता, छपराचाही हात होता. बंदिस्त कोर्टवर वारा नाही, ऊन नाही. सर्व्हिससाठी वर फेकलेला चेंडू जिथे हवा तिथेच राहतो, डोळ्यांवर सूर्य येत नाही. त्यामुळे उंच, ताकदवान सर्व्हिस करणाऱ्याला जणू मोकळे रान मिळते. १९८६ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा इथे कार्पेट असायचे. त्यावर चेंडू सरपटत, खाली राहून यायचा. पहिला विजेता बोरिस बेकर असावा, यात नवल नव्हते. २००७ पासून हार्ड कोर्ट आले. अशा सभागृहात एरवी मैफली आणि इतर खेळ चालतात. त्यामुळे कोर्ट तात्पुरते बांधावे लागते: खाली फळ्यांची जमीन, तिच्यावर बारीक वाळू मिसळलेल्या अॅक्रिलिक रंगाचे थर. वाळू भरड असेल तर चेंडू पृष्ठभागाला धरतो आणि मंदावतो. बारीक असेल तर सटकन निघून जातो. कोर्ट किती वेगवान हवे हे बरेचसे रंगाच्या या मिश्रणात ठरते.

बेर्सी ही इमारतही पाहण्याजोगी. १९८४ मध्ये उघडलेल्या या सभागृहाच्या बाहेरच्या उतरत्या भिंतींवर चक्क हिरवळ वाढवलेली आहे. आतला प्रेक्षक मात्र शांत बसणारा नव्हे. १९९१ मध्ये गी फोर्जेने पीट सँप्रासला पाच सेटमध्ये हरवले, २००८ मध्ये जो-विल्फ्रेड त्सोंगाने करंडक घेतला, तेव्हा घरच्या माणसासाठी ही गर्दी काय करू शकते ते दिसले.

पण परक्यालाही ती डोक्यावर घेते. २०१२ च्या त्याच आठवड्यात पोलंडचा २१ वर्षांचा येर्झी यानोविच पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत आला. क्रमवारीत तो ६९ वा. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियाला जाण्यापुरतेही पैसे त्याच्याकडे नव्हते. मरेविरुद्ध त्याने मॅचपॉइंट वाचवला आणि सामना काढला. प्रचंड सर्व्हिस आणि तिच्या जोडीला अवचित टाकलेले ड्रॉप शॉट, अशा खेळावर तो थेट अंतिम फेरीत गेला. तिथे फेरेर भारी पडला. त्या वर्षी लंडनची फायनल्स दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होती. फेरेरला आनंद साजरा करायलाही उसंत नव्हती.

सॉकची गोष्ट याहून अजब. २०१७ मध्ये आपल्या पहिल्याच सामन्यात तो काइल एडमंडविरुद्ध निर्णायक सेटमध्ये १-५ असा मागे होता. तिथून तो सामना जिंकला, मग स्पर्धा जिंकली आणि फायनल्सची शेवटची जागाही पटकावली.

या घाईगर्दीची किंमतही मोजावी लागते. २०२३ मध्ये यानिक सिनरचा सामना पहाटे २ वाजून ३७ मिनिटांनी संपला. पुढचा सामना त्याच दिवशी संध्याकाळी होता. त्याने माघार घेतली. छपरामुळे पाऊस अडतो, वेळापत्रक नाही.

भारतीयांना बेर्सी लाभली ती दुहेरीत. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९८ मध्ये इथे विजेतेपद मिळवले. २०११ मध्ये रोहन बोपण्णाने पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीच्या साथीने करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी बोपण्णा भूपतीबरोबर उतरला आणि अंतिम सामन्यात समोर कुरेशीच होता. जुन्या जोडीदाराला हरवून त्याने विजेतेपद राखले.

पुणेकरांना ओळखीचा असलेला एक फ्रेंच खेळाडूही इथलाच. बालेवाडीत २०१८ ची महाराष्ट्र ओपन जिंकणाऱ्या जिल सिमाँने निवृत्तीसाठी २०२२ ची बेर्सी निवडली. वय ३७. आधी मरे, मग टेलर फ्रिट्झ, असे दोन तीन-सेटी सामने त्याने चिवटपणे काढले. फेलिक्स ओजे-अलियासिमपुढे पाय थकले.

२०२५ मध्ये स्पर्धेने बेर्सी सोडली. नवे घर म्हणजे शहराच्या पश्चिमेला नांतेरमधला ला देफान्स अरेना. रग्बीच्या 'रेसिंग ९२' संघाचे हे मैदान. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये इथेच तात्पुरता तलाव बांधून जलतरणाच्या शर्यती झाल्या होत्या. बोपण्णाचा अखेरचा सामना याच नव्या सभागृहात झाला. वयाच्या ४५ व्या वर्षी, अलेक्झांडर बुब्लिकच्या साथीने, पहिल्याच फेरीत, सुपर टायब्रेकमध्ये ८-१० अशी हार. काही दिवसांतच त्याने निवृत्ती जाहीर केली.

जागा बदलली, तरी स्पर्धेची खोड बदलली नाही. अव्वल मानांकित कार्लोस अल्काराझ पहिल्याच सामन्यात कॅमेरॉन नॉरीकडून हरला. सिनरने एकही सेट न गमावता करंडक जिंकला आणि क्रमवारीतले पहिले स्थानही घेतले. ते त्याच्याकडे टिकले जेमतेम एक आठवडा. अल्काराझने ते परत मिळवले, तुरिनच्या फायनल्समध्ये गटातले सामने जिंकून पक्के केले, आणि पॅरिसमध्ये एकही सामना न जिंकता वर्षअखेरचा क्रमांक एक तोच ठरला.