झाकणाखालचा कागद

मोटारसायकलच्या इंजिनाखाली तेलाचा डाग दिसू लागला, की पुष्कळदा दोष यंत्राचा नसून झाकणाखालील कागदाचा असतो. ॲल्युमिनियमचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म खाचा असतात. स्क्रू आवळल्यावर दबणारा कागद त्या भरून काढतो. कारागीर त्यास ‘पॅकिंग’ म्हणतात.

तयार पॅकिंग न मिळाल्यास ते घरी कापता येते. प्रथम जुना थर लाकडी पट्टीने काढावा. पोलादी पात्याने मऊ धातूवर ओरखडे पडतात. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून थर ओला करूनच खरवडावा. नंतर तेलात न विरघळणारा, मूळच्याच जाडीचा कागद झाकणावर ठेवून कडेवरून पेन्सिल हलकेच फिरवावी, म्हणजे आकृती उमटते. हातोडीने ठोकून कापण्याची रीत जलद खरी. पण तिने कड बोथट होते, म्हणून ती आम्हांस पसंत नाही.

मद्रास येथे १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या जुन्या ‘बुलेट’चे उदाहरण घ्या. तिच्या उजव्या झाकणात तेलाचे पंप असतात आणि तेल कागदातील लहान छिद्रांतूनच पलीकडे जाते. स्क्रूंची छिद्रे सर्वांच्या ध्यानात राहतात. तेलाचे एक राहून गेले, तर बाहेर थेंबही न गळता आतील बेअरिंग तेलावाचून जळते. यास्तव कागद बसविण्यापूर्वी तो झाकणावर धरून प्रत्येक छिद्र पडताळावे.

सिलिंडरच्या माथ्याखाली मात्र हा कागद चालत नाही. जळत्या वायूपुढे तो क्षणभरही टिकणार नाही.