वेतनपत्रकावरची सही

वेतनपत्रकावर पूर्ण पगाराची सही करावयाची आणि त्याहून कमी रक्कम खिशात घालून मुकाट्याने वर्गावर जावयाचे, हा दस्तूर आपल्याकडच्या शिक्षकांनाही अगदीच अनोळखी नव्हता. परंतु केरळात, जेथे शाळांचा फार मोठा हिस्सा चर्च, नायर समाजाच्या संस्था आणि खासगी व्यवस्थापक यांच्या मुखत्यारीत होता, तेथे तो मोडण्यासाठी एका प्राध्यापकाला मंत्री व्हावे लागले, आणि त्या खटपटीतून जे वादळ उठले त्यात अखेर मंत्रिमंडळच वाहून गेले.

त्या प्राध्यापकाचे नाव जोसेफ मुंडश्शेरी. 1903 साली त्रिशूरजवळ एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने पदवी घेतली ती भौतिकशास्त्राची, पुढे संस्कृत व मल्याळम घेऊन एम. ए. केले, आणि त्रिशूरच्या सेंट थॉमस महाविद्यालयात सुमारे दोन तपे अध्यापन केले. समीक्षक म्हणून त्यांचा दरारा मोठा. पुरोगामी साहित्याच्या चळवळीत राहूनही, आशय कितीही उदात्त असला तरी रूपसौष्ठवावाचून ते साहित्य नव्हे, असे स्वपक्षीयांनाच बजावून त्यांनी ‘रूपभद्रते’चा वाद पेटविला; फडके-खांडेकरांचा कलावाद-जीवनवाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्या वादाची धग निराळी सांगावयास नको. ‘प्रोफेसर’ या कादंबरीत त्यांनी खासगी महाविद्यालयातील शिक्षकाची कुचंबणा रंगविली, आणि 1952 साली त्यांची स्वतःची नोकरीही संपुष्टात आली.

कोचीनच्या विधिमंडळात ते 1948 सालीच निवडून गेले होते. 1957 च्या निवडणुकीत ते मणलूर मतदारसंघातून निवडून आले आणि ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले. जुलैत त्यांनी शिक्षण विधेयकाचा मसुदा सभागृहापुढे ठेवला. त्यातील मुख्य तजवीज अशी की अनुदानित शाळांतील शिक्षकांचा पगार सरकारी खजिन्यातून थेट द्यावा, नेमणुका लोकसेवा आयोगाने निवडलेल्या उमेदवारांतूनच व्हाव्यात, आणि शाळेचा कारभार बिघडल्यास सरकारने ती ताब्यात घ्यावी. पहिल्या कलमाने व्यवस्थापकाची थैली जात होती, दुसऱ्याने हुकमत. आणि माझ्या मते माणूस थैली एकवेळ सोडील, हुकमत सोडणार नाही.

विधेयक सभागृहात संमत झाले; परंतु राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायार्थ पाठविले. मे 1958 मध्ये न्यायालयाने पगाराची व नेमणुकीची कलमे, काहीशा नाखुषीनेच का होईना, ग्राह्य ठरविली. शाळा ताब्यात घेण्याची कलमे मात्र अल्पसंख्याकांच्या हक्कांना बाधक मानली. दुरुस्तीनंतर फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. तोवर चर्च आणि नायर समाज एकत्र आले होते, जमीनसुधारणेच्या धोरणाने दुखावलेले लोकही त्यांना मिळाले होते, आणि जूनमध्ये ‘विमोचन समरम्’, म्हणजे मुक्तिलढा, सुरू झाले. त्याचे सेनापती होते नायर समाजाचे वयोवृद्ध पुढारी मन्नत्तु पद्मनाभन. आणि गंमत अशी की त्यांच्याही आयुष्याची सुरुवात शाळामास्तरकीनेच झाली होती! 31 जुलै 1959 रोजी केंद्राने मंत्रिमंडळ बरखास्त केले. ज्या चर्चच्या महाविद्यालयात मुंडश्शेरींनी तारुण्य वेचले, त्याच चर्चच्या रोषाला ते पात्र झाले होते. आणि हा रोष निव्वळ स्वार्थाचा होता असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही, कारण स्वकष्टाने उभारलेल्या शाळांवर सरकारचा अंमल बसणार, ही भीती पुष्कळांच्या मनात प्रामाणिक होती.

पुढे 1971 साली कोचीन विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते पुन्हा विद्येच्या प्रांगणात आले, आणि 1977 साली निवर्तले. कायदा मात्र रद्द झाला नाही. नंतरच्या सरकारने 1960 साली त्यात दुरुस्ती करून नेमणुकीचा अधिकार व्यवस्थापकांच्या हाती परत दिला, पगाराच्या कलमाला मात्र हात लावला नाही. त्यामुळे केरळातील अनुदानित शाळेचा शिक्षक आजही नेमणुकीचा हुकूम घेतो व्यवस्थापकाकडून, आणि पगार घेतो सरकारी खजिन्यातून.