घोड्याची दुसरी नोकरी

हेलसिंकी, १९५२ म्हटलं की सातारकरांना एकच नाव आठवतं : कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि त्यांचं कुस्तीतलं ब्राँझपदक. त्याच ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांनी ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. १९४४ साली, गरोदर असताना, त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. त्या पदकानंतर अपंगांना घोड्यावर बसवण्याच्या प्रयोगांना युरोपात जोर आला आणि १९६९ साली ब्रिटनमध्ये या कामाची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

यात जादू काही नाही, काम सगळं घोड्याच्या पाठीचं. घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली एकाच वेळी हलते. आपण चालताना आपल्या कमरेला जो हेलकावा बसतो, जवळपास तोच वर बसलेल्याला मिळतो. सेरेब्रल पाल्सीमुळे कधी धड पाऊल टाकू न शकलेल्या मुलाला पाऊलागणिक आपलं धड सावरावं लागतं. खुर्चीत बसवून हा व्यायाम करून घेता येत नाही. एक जण घोडा धरतो, दोघं दोन बाजूंनी मुलाला आधार देत चालतात आणि फिजिओथेरपिस्ट सांगेल तशी चाल कमी-जास्त होते. पुष्कळदा खोगीर नसतंच, नुसती जाड गादी असते. घोड्याच्या अंगाची ऊब ताठरलेल्या मांड्यांपर्यंत पोचावी म्हणून.

अमेरिकेत कोलोराडोतल्या संशोधकांनी २०१५ साली स्वमग्न मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२७ मुलांचे दोन गट केले. एक गट दहा आठवडे घोड्यावर बसला. दुसऱ्यानं घोड्यांची माहिती घेतली, पण खऱ्या घोड्याला हात लावला नाही. पहिल्या गटातली चिडचिड आणि अतिचंचलता जास्त उतरली. म्हणजे गुण आला तो घोड्याच्या गप्पांनी नव्हे, घोड्यानं. तरीही हा आधाराचा उपचार आहे, रामबाण नव्हे. ‘मूल चालायला लागेल’ असं आश्वासन देणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं.

या उपचारासाठी पहिल्यांदा आठवतो तो निवृत्त घोडा, आणि निवृत्त घोड्याला दुसरं काम देणं महाराष्ट्राला नवं नाही. सर्पदंशावरचं औषध घोड्याच्याच रक्तातून तयार होतं : विषाची अगदी बारीक मात्रा टोचत न्यायची, घोड्याचं शरीर प्रतिद्रव्यं तयार करतं, ती रक्तद्रवातून वेगळी काढायची. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे घोडे या कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. बत्तीस शिराळ्याच्या पंचक्रोशीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांपैकी कुणीही चावलं तरी रुग्णाच्या शिरेत जातं ते कुठल्यातरी घोड्याचं देणं. पण ती नोकरी रक्ताची. ही उपचाराची नोकरी पायांची आहे, आणि घोटाळा इथेच होतो.

निवृत्त म्हणजे थकलेला, थकला म्हणून गरीब, गरीब म्हणून मुलांना चालेल, असा आपला हिशेब. तो साफ चुकीचा आहे. लंगडा घोडा वरच्या मुलाला लंगडीच चाल देणार. डांबरावर वर्षानुवर्षं दौडून खूर आणि सांधे गेलेला, खोगिराखाली पाठ लागलेला घोडा या कामाचा नाही. शिवाय एका अंगाला झुकणारं मूल पाठीवर घेणं घोड्याला सोपं नसतं. त्याचेही स्नायू आखडतात. त्याला पहिल्या कामावरून काढायचं तर चांगल्या पायांवर असतानाच काढायला हवं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. बारा-पंधराव्या वर्षी त्याचा उतावीळपणा गेलेला असतो आणि पाय शाबूत असतात.

रेसकोर्सचा घोडा तर पाच-सहा वर्षांचा झाला की बहुधा निवृत्त होतो. पाय नाजूक, उंची पाच फुटांच्या वर, आणि लहानपणापासून शिकवण एकच : दार उघडलं की सुटायचं. त्यातले काही शांत निघतात, नाही असं नाही. पण मुलाला धरून चालणाऱ्याचा हात कमरेपर्यंत नीट पोचावा, तर घोडा बुटका बरा.

तो आपल्या दारात आहे. माण-खटावचे मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा हलवतात तेव्हा बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं : भांडी, धान्य, जाळी, वर कोंबड्या, कोकरं, आणि कधी त्या सगळ्यावर बांधून बसवलेलं रांगतं पोर. कुत्री भुंकतात, मागून ट्रक हॉर्न मारत येतो, घोडी मान खाली घालून मेंढ्यांच्या चालीनं चालत राहते. हीच भीमथडी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. एरवी तिचं कौतुक मराठ्यांच्या घोडदळापुरतं होतं, आणि खरं सांगायचं तर भाषणांपुरतं. पोर पाठीवर घेऊन न बिथरता चालण्याचं शिक्षण तिच्याकडे पिढीजात आहे, त्याकडे कुणी गुण म्हणून पाहत नाही.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावरचे आणि पाचगणीच्या टेबललँडवरचे घोडेही याच हिशेबात धरावेत. अनोळखी माणसं, रडणारी पोरं, फोटो हे त्यांच्या सवयीचं. पावसाळ्यात पर्यटक आटतात, चंदी-चाऱ्याचा खर्च आटत नाही, म्हणून घोडेवाल्याशी बोलणी करायची तर तेव्हाच. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्याला उपचाराच्या कामात दिवसाचे दोन-तीन तासच जुंपता येतं. तेवढ्यात मालकाचं भागायचं तर दर पालकांच्या खिशाबाहेर जाणार. दवाखाने, विशेष मुलांच्या शाळा आणि जिल्हा परिषद यांनी मिळून तो भार उचलल्याशिवाय ही गोष्ट श्रीमंतांच्या मुलांपलीकडे जाणार नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाला तर फिजिओथेरपिस्ट शोधत हिंडावंही लागणार नाही.

बांधकाम थोडं लागतं : पत्र्याचं छप्पर, वाळूची जमीन, चाकाची खुर्ची चढेल असा उताराचा ओटा. अवघड आहे ते घोडा निवडणं. आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी, कारण तो रोग माणसालाही होतो. मग पशुवैद्य आणि नालबंद यांनी खूर पाहायचे. मग काही आठवडे ओट्याशी दगडासारखं उभं राहायचा सराव आणि कुबड्या, चेंडू, अचानक किंचाळणं यांची सवय. शेवटी घोड्याच्या तोंडाजवळ छत्री फाडकन उघडायची. जो मागे सरला त्याला परत पाठवायचं, मालक कितीही ओळखीचा असला तरी.